मुक्काम मौजे वालूर

महसूल खात्यात ज्याची हयात गेली त्याला दौरा म्हणजे प्रवास असे कधी वाटत नाही. तो चाकरीचाच एक भाग असतो, आणि निवृत्तीनंतर अंगात उरलेल्या ज्या सवयी सहजासहजी सुटत नाहीत त्यांत या सवयीचा क्रमांक बराच वरचा लागतो. निजामी अमदानीत तहसीलदार किंवा गिरदावर दौऱ्यावर निघाला म्हणजे राहुट्या, दप्तराच्या पेट्या, आचारी, चपराशी आणि मागाहून बैलगाड्यांतून येणारी शिधासामग्री असा लवाजमा त्याच्याबरोबर चाले, आणि गावाबाहेरच्या आमराईत त्याचा जो तळ पडे तो पाहणी, जमाबंदी आणि तंटेबखेडे आटोपेपर्यंत हलत नसे. १९४८ च्या सप्टेंबरात तो अंमल संपुष्टात आला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. परंतु परभणी जिल्ह्यात तलाठी म्हणून मी रुजू झालो त्या काळी जुने कोतवाल आणि थकलेले पटवारी त्या तळांच्या हकिकती इतक्या तपशिलाने सांगत, की रयतेकडून फुकट उचललेल्या कोंबड्यांचा हिशेबसुद्धा त्यांतून सुटत नसे. पुढे जीप आली, रस्ते झाले, अधिकारी सकाळी जाऊन सायंकाळी मुख्यालयी परतू लागला. रयतेच्या कोंबड्या वाचल्या हे उत्तमच झाले. परंतु मुक्काम गेला, आणि दिवसा चावडीवर गाव जी जबानी देते तिच्याहून रात्री जेवणे उरकल्यावर पारावर ते जी देते ती किती निराळी असते, हे कळण्याचा मार्गही त्याबरोबर बंद झाला.

नायब तहसीलदार म्हणून मी सेवानिवृत्त झालो तेव्हा आमची सौ. प्राथमिक शाळेतून आधीच निवृत्त झाली होती. परभणीतील घराचा तळमजला आम्ही भाड्याने दिला, माडीवरच्या एका खोलीत पुस्तके आणि पितळेची भांडी कोंडली, आणि एका मध्यम आकाराच्या बंदिस्त गाडीत बिऱ्हाड हलवले. चार लोकांना सांगण्याजोगे काहीतरी कारण हवे, म्हणून मराठवाड्यातील जुन्या बारवांची मोजमापे घेऊन त्यांचे नकाशे करण्याचे निमित्त मी पुढे केले. आणि निमित्त म्हणून आरंभलेले ते काम पुढे खरोखरीचेच काम होऊन बसले. सौ.ची अट एकच होती, की ओट्याची उंची आणि खिडकीची जागा ती ठरवील. ती तिने ठरवली, आणि साऱ्या गाडीत बिनतक्रार चालणारा भाग तेवढाच आहे.

गाडी सिद्ध करण्याची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतांशी कागदपत्रांची कथा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी झालेल्या वाहनाच्या मूळ स्वरूपात मंजुरीवाचून फेरफार करता येत नाही, आणि ज्याने आयुष्यभर सात-बाराचे फेरफार मंजूर-नामंजूर केले त्याने स्वतःच्या फेरफाराच्या मंजुरीसाठी दुसऱ्याच्या टेबलासमोर तिष्ठत बसावे, यात एक प्रकारचा न्यायच होता. आतली व्यवस्था साधी आहे. छतावर ४०० वॅटच्या सौर पट्ट्या आहेत. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यांतून दीड युनिटाच्या आसपास वीज मिळते, आणि तीत लहानसा फ्रीज, दोन पंखे, दिवे आणि मोबाइल एवढा संसार सुखाने चालतो. वातानुकूलन यंत्राचा आग्रह आमच्या चिरंजीवांनी पुष्कळ धरला. परंतु ते यंत्र तासाला एक युनिट खाणार आणि आमच्या बॅटरीची एकंदर पुंजी अडीच युनिटांची, तेव्हा रात्रीचे दोन तास थंड आणि उरलेली रात्र अंधारात, असा तो व्यवहार ठरला असता. परभणीचा पारा मे महिन्यात ४२ ते ४४ अंशांवर असतो आणि पत्र्याच्या घरात तो याहून काय करतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही चिखलदऱ्याच्या डोंगरावर जातो, आणि मृगाच्या पावसानंतर जमीन वाळेपर्यंत परभणीच्या माडीवर राहतो. बाराही महिने चाकावर राहण्याची प्रौढी मिरवावी असे हे हवामान नव्हे.

वालुरास आम्ही प्रथम गेलो ते अर्थातच तेथील बारवेसाठी. वालूर हे सेलू तालुक्यातले मोठे गाव, आणि तेथील बारव मराठवाड्यातल्या इतर बारवांहून अगदी वेगळ्या धाटणीची आहे. आपल्याकडे बहुधा चौकोनी बारवा दिसतात. एका किंवा चारी बाजूंनी पायऱ्या सरळ खाली उतरतात आणि कोनाड्यांतून देवता बसलेल्या असतात. वालूरच्या बारवेत पायऱ्या वर्तुळाकार फिरत फिरत पाण्याकडे जातात, आणि उतरणारा मनुष्य प्रत्येक पावलागणिक थोडा वळत असल्याने तळाशी पोचेपर्यंत त्याला दिशेचे भान उरत नाही. बरीच वर्षे ही वास्तू गाळाखाली आणि केरकचऱ्याखाली गडप झालेली होती. रोहन काळे यांनी दुचाकीवरून महाराष्ट्रभर हिंडून जी बारव मोहीम उभी केली, तिच्या प्रेरणेने गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, आणि आता महाशिवरात्रीस अशा बारवांवर दीपोत्सव होतात. ज्या विहिरी आमच्या दप्तरी ‘पडीक’ एवढ्या एका शब्दात निकालात निघालेल्या असत, त्यांना गावांनी आपण होऊन पुनश्च दाखल करून घेतले, याचे मला, खात्याचा जुना नोकर म्हणून, थोडे वैषम्य वाटते आणि आनंद पुष्कळ वाटतो.

या बारवेच्या मोजणीने मला चांगलेच जेरीस आणले. आम्ही शिकलो ती सोळा आण्यांची, तेहतीस फुटी साखळी; तिने काळ्या रानाचा गुंठा बिनचूक निघतो, कारण रान सपाट असते आणि धुरा, निदान कागदावर तरी, सरळ असतो. फिरत्या पायऱ्यांना सरळ असे काहीच नसते. पायरीची भिंतीकडची कड आणि मध्याकडची कड सारख्या लांबीची नाही. दोन्ही निराळ्या मोजाव्या लागतात, आणि दर पायरीला उताराबरोबर कोनही टिपावा लागतो. अखेर गावातल्या एका वयस्क गवंड्याने युक्ती सांगितली. त्याने बारवेच्या काठावर समोरासमोर दोन दोऱ्या ताणून त्यांच्या छेदावर ओळंबा सोडला, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पायऱ्यांची पातळी घेतली, आणि प्रत्येक पायरीचे अंतर त्या लोंबत्या दोरीपासून मोजावयास लावले. सौ. वर छत्री घेऊन बसली होती आणि मी खालून ओरडून सांगितलेले आकडे वहीत उतरवीत होती. मध्येच तिने शाळेतल्या आवाजात विचारले, “सतरावी पायरी सोळावीपेक्षा आखूड कशी?” गवंडी वर न पाहता म्हणाला, “बाई, तवाच्या माणसानं दगड पाहून पायरी केली, पायरी पाहून दगड नाही.” तो आकडा मी तसाच ठेवला आहे.

परंतु मला सांगावयाचे आहे ते बारवेविषयी नसून बारवेच्या वाटेवरच्या मुक्कामाविषयी. चाकांवरच्या घरात राहणारा मनुष्य स्वतंत्र असतो, त्याला कोणाचे देणे नाही की कोणाची मिंधेगिरी नाही, असा एक समज शहरांतील आमच्या स्नेह्यांमध्ये रूढ आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. पक्क्या घरात राहणाऱ्याला शेजाऱ्याचे तोंड न पाहता महिना काढता येतो. आम्हांला रोज कोणाला तरी विचारावे लागते. रात्री गाडी कोठे लावू? पाणी कोठे भरू? ही संडासाची पेटी कोठे रिकामी करू? जागा ग्रामपंचायतीची असो, देवस्थानची असो की शाळेची, तिला कोणी ना कोणी धनी असतोच, आणि बेवारस भासणारी जागा तर बहुधा वादातली निघते. हे ज्ञान मला नोकरीत वेतनासह प्राप्त झालेले आहे. म्हणून गावात शिरताच प्रथम पोलीस पाटलांस वर्दी द्यावयाची, मग जागेच्या धन्यास विचारावयाचे, आणि त्यानंतरच इंजिन बंद करावयाचे, असा आमचा शिरस्ता आहे. जागा निवडताना मी आणखी एक जुनी गोष्ट ध्यानात ठेवतो. आपल्या पूर्वजांनी वस्ती पांढरीवर केली आणि शेती काळीत केली. चार टनांची गाडी दसऱ्याच्या पावसात काळीत उभी केली, तर चाकांत चिखलाचा असा लेंडा भरतो की ट्रॅक्टर आणि चहा या दोहोंची व्यवस्था केल्याखेरीज ती निघत नाही. पांढरीची माती पाणी रिचवते आणि भारही पेलते.

गावास आमचे कोडे पडते ते राहण्याचे नव्हे, तर प्रयोजनाचे. फिरत्या माणसांची आमच्या जिल्ह्याला अपूर्वाई नाही. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी दरसाल परभणी, गंगाखेड या मार्गाने पंढरपुरास जाते, आणि दिंड्यांमागून चालणाऱ्या ट्रकांत अख्खी स्वयंपाकघरे, तंबू आणि अंथरुणे असतात. मेंढरांचे कळप घेऊन हिंडणारे धनगर येतात, घिसाड्यांच्या भट्ट्या रस्त्याकडेला पेटतात. यांपैकी प्रत्येक जण कशासाठी आला हे गावाला ठाऊक असते. आमचे तसे नाही. वालुरात पहिल्या सकाळी एक गृहस्थ डोळ्यांच्या तपासणीचा जुना कागद घेऊन दाराशी उभे राहिले. दुसऱ्याने कर्जमाफीची यादी मागितली. आणि एका आजीबाईंनी गाद्या केवढ्याला अशी विचारणा केली. आम्ही काहीच विकीत नाही, तपासत नाही आणि वाटीतही नाही असे समजल्यावर त्या गाडीच्या पायरीवर बसल्या.

“मंग कुणीकडचे हाव तुमी?”

“परभणीचे, आजी.”

“लेकरं सांभाळीत न्हाईत व्हय?”

सांभाळण्यास तयार आहेत, पुण्यास बोलावतात, आम्हीच जात नाही, असे सौ.ने सांगितले. आजींनी ते ऐकून घेतले. विश्वास मात्र ठेवला नाही. सायंकाळी त्यांच्या नातवाकरवी ज्वारीच्या दोन भाकरी आणि ठेचा आला. त्या भाकरींत करुणेचा अंश होता हे आम्हांला स्पष्ट दिसत होते, आणि तरीही त्या परत करणे अशक्य होते. पाहुणा होऊन राहावयाचे, ओझे होऊन नव्हे, आणि त्यासाठी जे मिळेल ते आधी मुकाट्याने स्वीकारावयाचे, हीच या जीवनक्रमातली खरी मेहनत आहे. गाडी चालवणे त्यामानाने सोपे.

या मेहनतीची कसोटी लागते पाण्यापाशी. आमच्या टाकीत १२० लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनच्या मानाप्रमाणे ग्रामीण भागात दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावयास हवे. त्या हिशेबाने दोघांना आमची टाकी एक दिवस पुरेल. आम्ही ती तीन दिवस पुरवतो. आंघोळ अर्ध्या बादलीत होते, भाजी धुतलेले पाणी ताटे विसळण्यास आणि तेच पुढे संडासास, असा त्याचा उतरता क्रम लावलेला आहे. ज्या मराठवाड्यातल्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे रस्त्यावरच्या दोघा निवृत्तांनी कोणाच्या नळाला नळी जोडून टाकी भरून घ्यावी, हे शोभत नाही. म्हणून मी घागरीनेच पाणी आणतो, गावाचे भरून झाल्यावर आणतो, आणि जेथे टँकर चालू असेल तेथे मुक्कामच करीत नाही. संडासाच्या पेटीविषयी पुस्तकांतून कोणी लिहीत नाही, मी लिहितो. ती काढता-घालता येते, दर तिसऱ्या दिवशी भरते, आणि सार्वजनिक शौचालयात स्वतःच्या हाताने रिकामी करून धुवावी लागते. सेवेत असताना हागणदारीमुक्तीच्या सभांतून मी अनेक भाषणे केली. त्या भाषणांत या पेटीएवढा आशय नव्हता.

दिवाळीच्या सुमारास आम्ही वालुराच्या परिसरात होतो, आणि तेच दिवस ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याचे असतात. परभणी, बीड, जालना या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडावयाचे, आणि खाडा झाला की पैसे कापले जावयाचे. अशाच एका टोळीचा ट्रॅक्टर आमच्या शेजारी रात्री थांबला. मागे दोन ट्रॉल्या. त्यांवर बाज, पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, गुंडाळलेला ताडपत्रीचा कागद, कोपीसाठी बांबू, डालग्यात कोंबड्या, आणि पाळण्याची दोरी वर ठेवलेली, कारण ती पहिल्याच मुक्कामास लागणार. एक तरुण बाई सौ.शी बोलत गाडीच्या दाराशी आली. आत वाकून तिने सारे पाहिले, पण तिची दृष्टी स्थिरावली ती ओट्यावरच्या बोटभर नळावर. “सोडू का?” असे विचारून तिने तो सोडला, पाणी आल्याबरोबर लगेच बंद केला, आणि तोटी घट्ट फिरली आहे ना हे पुन्हा एकदा पाहिले.

“पाणी आतच येतंय मंजी पहाटं उठायची कटकट न्हाई,” ती म्हणाली. मग तिने विचारले, “किती म्हैने असं?”

“ठरलेलं नाही.”

“मुकादमानं सांगितलं न्हाई?”

सौ. म्हणाली, “आमचा मुकादम सरकार. पेन्शन देतं.”

ती मोठ्याने हसली आणि हाक मारून नवऱ्याला म्हणाली, “आवं, हितं बगा, ह्यांला बसून उचल मिळती!”

याहून अचूक वर्णन माझ्या सेवापुस्तिकेतही नसेल. तिचे घर आणि माझे घर, दोन्ही चाकांवरचे. माझ्या घराविषयी लोक कौतुकाने विचारतात, आणि तिच्या घराविषयी विचारावयाचे काही आहे असे कोणास वाटत नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात २०१९ साली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले. कारवान पर्यटनाचे धोरण २०२१ साली आले, आणि त्यात कारवान उभ्या करण्याच्या जागी पाणी, वीज, रस्ता या सोयी असाव्यात असे म्हटले आहे. दोन्ही धोरणे चाकांवरच्या बिऱ्हाडांसाठीच. ती एकमेकांच्या फायलीत कधी आली नसावीत, असा माझा खात्यातल्या अनुभवावरून कयास आहे.

पत्त्याचा प्रश्न हा या जीवनक्रमातला आणखी एक काटा. शासनाच्या लेखी मनुष्य म्हणजे प्रथम एक मुक्काम, मग पोस्ट, मग तालुका आणि जिल्हा. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकाने आपण हयात असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. २०१४ पासून हा दाखला बोटांच्या ठशावरून संगणकीय पद्धतीने देता येतो, आणि खेड्यातला पोस्टमनसुद्धा तो करून देतो, ही सोय आमच्यासारख्यांना मोठीच आहे. परंतु एका बँकेत एकदा मला विचारण्यात आले, की आपण परभणीत राहत नाही असे स्वतःच सांगता, तर मग राहता कोठे. “काल चारठाण्यास होतो,” असे मी खरे तेच सांगितले. अर्जातल्या रकान्यात ‘काल’ लिहिण्याची तरतूद नव्हती. अमेरिकेत अशा फिरत्या निवृत्तांची संख्या इतकी वाढली, की १९७८ साली स्थापन झालेल्या ‘एस्केपीज’ नावाच्या त्यांच्या संघटनेने टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन या लहान गावी सभासदांची पत्रे घेण्याची आणि ती पुढे धाडण्याची व्यवस्था केली. असंख्य बिऱ्हाडे देशभर हिंडत असतात आणि कागदोपत्री सारी तेथे नांदतात. मला ही युक्ती वाचून गंमत वाटली, आणि महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ची आठवण झाली. श्रीचक्रधरांनी जेथे जेथे मुक्काम केला त्या स्थानांची, दिशा आणि खाणाखुणांसह, चौदाव्या शतकात केलेली ती नोंद आहे. एके ठायी न राहणाऱ्या महापुरुषाचा पत्ता ठेवावयाचा तर तो यादीच्याच रूपाने ठेवावा लागतो, हे त्या नोंदकाराला उमगले होते. आणि तलाठ्याच्या दृष्टीने सांगतो, त्याची चतुःसीमा लिहिण्याची पद्धत आमच्या खात्यापेक्षा चोख आहे.

या साऱ्याचा दुखरा भागही आहे. रात्री-बेरात्री दुखणे उद्भवले तर जवळचा दवाखाना किती कोसांवर, हे रोज झोपण्यापूर्वी पाहून ठेवावे लागते. नातवाच्या वाढदिवशी सिग्नल मिळेल अशा टेकाडावर चढावे लागते. शेजारी रोज नवे, त्यामुळे भांडण असे कोणाशी होत नाही, आणि सौ. म्हणते की तीस वर्षे शेजारी राहिलेल्या बाईशी जे भांडण परभणीत अर्धवट राहिले आहे त्याची तिला सर्वांत जास्त आठवण येते.

सध्या मी एक अर्ज लिहीत आहे. मोठ्या पर्यटनस्थळी कारवानांची उद्याने होतील तेव्हा होतील; वालूरसारख्या गावी, बारवेपासून जरा दूर, पांढरीवर, दोन-तीन वाहने उभी राहतील एवढी मुरुमाची जागा, एक नळ, विजेची एक जोडणी आणि शोषखड्ड्यासह एक शौचालय एवढे झाले तरी पुरेसे आहे, आणि ते थांबणाऱ्या कोणत्याही बिऱ्हाडास खुले असावे, मग ते मोटारीतले असो की ट्रॉलीवरचे, अशी त्यातली विनंती आहे. मोटारवाल्याकडून रात्रीचे भाडे घ्यावे आणि ट्रॉलीवाल्याकडून घेऊ नये, असेही कलम घातले आहे. मसुद्यात मी नळ साडेतीन फुटांवर दाखवला होता, कारण गाडीची नळी त्या उंचीवर सोयीने जोडता येते; सौ.ने तो दोन फुटांवर आणला, कारण खाली घागर बसली पाहिजे. पाणीपट्टी कोणाच्या नावे आकारावयाची हा मुद्दा तेवढा अनिर्णित आहे. कोणाच्याही नावे नाही, असे लिहिले तर अर्ज पहिल्याच टेबलावरून परत येईल, हे मला पक्के ठाऊक आहे. तेव्हा माझेच नाव आणि परभणीचा पत्ता घालावा की काय, यावर आमच्या दोघांत अद्याप खल चालू आहे.